पान दोनशे नऊ

"मॅडम, हा नाविक घड्याळं कधीपासून दुरुस्त करायला लागला?"

ग्रंथपालबाई रद्दीत काढायच्या पुस्तकांची यादी करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कुठला नाविक, काका?"

"हा. दोनशे आठ पानं गलबतावर आहे, आणि दोनशे नवव्या पानावर एकदम डोंगरातल्या मनोऱ्यावर चढतोय."

"म्हणूनच सात वर्षांत कोणी घरी नेलं नाही त्याला," बाई हसल्या.

खळकाका मात्र हसले नाहीत. वाचनालयाच्या मागच्या खोलीत चौतीस वर्षं पुस्तकं बांधून त्यांच्या अंगाला खळीचा वास कायमचा चिकटला होता आणि त्या वासानंच त्यांचं नाव ठेवलं होतं. शनिवारी ते निवृत्त व्हायचे होते. आपल्या हातून एकही पुस्तक वाकडं गेलं नाही, एवढं समाधान घेऊन जाऊ, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. पण माणूस मनाशी काय धरतो आणि देव पुढ्यात काय आणून ठेवतो.

कारण मनोऱ्यावर चढणारा तो माणूस त्यांच्या ओळखीचा होता. तो टेबलावरच होता, पाठ उसवलेल्या दुसऱ्या कादंबरीत. कुठल्याही नकाशात नसलेलं एक बर्फाळ राज्य, काळ्याभोर केसांची राजकन्या, तिचा कपटी काका, आणि मनोऱ्यातलं घड्याळ दुरुस्त करायला आलेला परदेशी घड्याळजी, ज्याला शेवटी हातोडी टाकून तलवार धरावी लागते. हे पुस्तक इतक्या हातांतून फिरलं होतं की ही त्याची तिसरी बांधणी. नाविकाची कादंबरी त्याच मालेतली, तेवढ्याच पानांची. तिच्यातही राज्य होतं, फक्त समुद्रकाठी, आणि राजकन्या सोनेरी केसांची.

काकांनी दोन्ही पुस्तकं उसवून शेजारी शेजारी मांडली. चूक उघडी पडली. नोकरीच्या पहिल्या वर्षी दोन्ही एकाच दिवशी बांधायला आली होती. सोळा पानांचा शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र शिवायची जुडी, दोन्हींचा दोनशे नऊपासून सुरू होणारा. त्यांनी ह्याचा त्याला शिवला आणि त्याचा ह्याला. पुढच्या खेपेला नुसते आकडे बघून आपलीच चूक पुन्हा पक्की केली.

म्हणजे तेहतीस वर्षं वाचक नाविकाचा शेवट घड्याळजीचा म्हणून वाचत आले.

अदलाबदल अर्ध्या तासाचं काम. घड्याळजीचं पुस्तक नेहमी नेणाऱ्या नर्सबाई चार वाजता ते न्यायला येणार होत्या. काकांनी घड्याळजीच्या पुस्तकातला चुकीचा फर्मा हातात घेतला आणि थबकले. पानापानावर पेन्सिल होती. त्यांचा सवयीचा हात खोडरबराकडे गेला. पुस्तकात लिहिणाऱ्याला ते पाणी मागू देत नसत. खुणा खोडल्याशिवाय सुईत दोरा ओवत नसत. पण त्या दोन बांधण्यांनंतरच्या ह्या खुणा वेगळ्याच निघाल्या. 'नाविक' खोडून वर बारीक अक्षरात 'घड्याळजी'. 'सोनेरी' खोडून 'काळे'. एका पानावर म्हाताऱ्या हाताचं थरथरतं अक्षर, दुसऱ्यावर शाळकरी गोल गोल. 'शिडं सोडली' तिथे कुणीतरी 'घोडा सोडला' केलं होतं.

"झालं का हो काका? आमचे हे सकाळपासून दाराकडे बघतायत."

नर्सबाई दारात उभ्या होत्या. आता सेवानिवृत्त; अर्धांगाच्या झटक्यानं वाचा गेलेल्या नवऱ्याला दोन वर्षं हे पुस्तक वाचून दाखवत होत्या.

"बाई, ह्याचा शेवट चुकीचा आहे. माझ्या हातून झालंय." काकांनी खरा फर्मा पुढे केला. "हा खरा."

नर्सबाईंनी उभ्या उभ्याच वाचला. त्यात घड्याळजी एकटाच सरहद्द ओलांडून जातो. राजकन्या खिडकीत उभी राहून त्यानं दुरुस्त केलेल्या घड्याळाचे ठोके मोजते.

"लिहिलंय सुंदर," त्या म्हणाल्या. "पण आमच्याकडे तो पुलावरून परत येतो. ते आलं की हे माझी बोटं दाबतात. परवा तर ओठ हलले. 'आ' म्हणाले. 'आला' म्हणायचं होतं."

"पण ते चूक आहे, बाई. तुमच्या लक्षात नाही आलं?"

"अहो, डोंगरातला माणूस शिडं सोडेल होय? सगळ्यांच्या लक्षात आलंय. ते 'घोडा' माझंच अक्षर आहे."

"मग एवढ्या वर्षांत कोणी सांगितलं कसं नाही मला?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही दुरुस्त केलं नसतं का?"

वाट चुकलेलं पाणीसुद्धा कुणाच्या तरी मुळाशी जातं. नेणारा तो वरचा असतो. काकांनी सुईत दोरा ओवला. "तासाभरानं या. खळ ओली असेल, जपून न्या."

नर्सबाई गेल्यावर त्यांनी तोच जुना, पेन्सिलीच्या खुणांचा फर्मा जागेवर ठेवला आणि शिवण्याआधी सोळाही पानं नजरेखालून घातली. दोनशे एकविसाव्या पानावर, पुलापाशी, एक 'सोनेरी' सगळ्यांच्या नजरेतून सुटला होता.

काकांनी खोडरबर खणात टाकला. पेन्सिलीला टोक काढलं, फुंकर मारली, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा पुस्तकात एक शब्द लिहिला.