पुढची पायरी: सुदर्शन

"फोन आणलाय ना?"

हडपसरच्या कारखान्याच्या गेटवर सलिलने पहिलं हेच विचारलं. तो इथला मॅनेजर.

"नवरा गेलाय माझा," द्वारका म्हणाली. "आधी त्याबद्दल बोलायची पद्धत आहे."

"हो, वाईट झालं. फोन?" त्याच्यामागे गेटच्या स्क्रीनवर दोन ओळी होत्या.

*पायरी एक. विनंती: डबा, स्वेटर, चष्मा बाहेर नेणे. झाली.*
*पायरी दोन. मंजुरी: सुदर्शन. प्रतीक्षा.*

सुदर्शन, तिचा नवरा, या गेटचा पर्यवेक्षक. त्याने मोबाइलवर मंजुरी दिल्याशिवाय इथून खिळासुद्धा बाहेर पडत नसे. एका सकाळी तो खुर्चीतच गेला. सगळ्यांना कळलं. सिस्टिमला कुणी कळवलं नाही. ती त्याची वाट पाहत थांबली. तिच्यामागे ट्रक थांबले.

"दुसऱ्याचं नाव घाला की."

"घातलं. नाव बदलायची विनंतीही मंजुरीला त्यांच्याकडेच जाते."

"कुणाची ही अक्कल?"

"आधीच्या साहेबांची. त्यांचा तुमच्या मिस्टरांवर फार विश्वास."

"एवढा विश्वास, आणि मयताला एक माणूस फिरकला नाही."

सलिलने घड्याळ पाहिलं. "ताई, पिन तुम्हाला माहीत असेल. सगळं मंजूर करा, सामान घ्या आणि सुटा."

"नाही केलं तर?"

"तर सामानही इथेच. नियम तुमच्या मिस्टरांचाच आहे."

वॉचमन उत्तरेश्वर सुदर्शनच्या सामानाची पिशवी धरून उभा होता. "खरंय काकू," तो हळूच म्हणाला. "लई कडक. माझी पिशवीबी रोज उघडून बघायचे."

द्वारकाने पर्समधून सुदर्शनचा फोन काढला. पिन टाकला. अडकलेल्या विनंत्यांची यादी उघडली.

ट्रक. ट्रक. ट्रक. ट्रक. डबा, स्वेटर, चष्मा. ट्रक.

तिने एक ओळ दाबली.

*मंजूर. पायरी तीन. गेट: सोडा.*

उत्तरेश्वरने पिशवी तिच्या हातात दिली.

"आता बाकीचे," सलिल म्हणाला.

द्वारकाने फोन बंद करून पर्समध्ये टाकला. चेन ओढली.

"बाकीचे ते आल्यावर करतील."

"अहो ताई! माल अडकलाय! ही काय चेष्टा आहे?"

"मला काय विचारता? सिस्टिमला विचारा."

*पायरी दोन. मंजुरी: सुदर्शन. प्रतीक्षा.*

मागे हॉर्न सुरू झाले. ती वळली नाही. रस्ता ओलांडून विश्रांतवाडीच्या बसच्या थांब्यावर बसली. पिशवी मांडीवर घेतली. स्वेटर बाजूला सारून डबा उचलला.

जड होता. त्या सकाळी तिने भरून दिला होता तसाच.