ते हे

डॉक्टरीणबाईंनी प्रश्न विचारला काकांना आणि उत्तर दिलं काकूंनी.

"ह्यांना जरा विसरायला होतं, एवढंच. बाकी झोप चांगली, भूक चांगली, सकाळी पोट साफ."

पोटाची चौकशी कुणी केलेलीच नव्हती. पण काकूंच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की मधे बोलायची सोय नसे. गल्लीत त्यांना रेडिओ म्हणत आणि काकांना मौनीबाबा. दोघांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. काका सायकलीखाली आडवे आणि काकू हत्यारांच्या पेटीपाशी, अशी त्यांची वाटणी लग्नापासूनची.

पूर्वी काका "चौदाचा पाना दे" म्हणायचे. मग नुसतं "पाना दे" झालं. अलीकडे "अगं, ते हे दे" एवढ्यावर आलं होतं. काकू गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता मागे न बघता ते हे त्यांच्या हातात ठेवायच्या. कधी पकड असे, कधी पंक्चरच्या सोल्यूशनची ट्यूब. चूक म्हणून व्हायची नाही. त्याचा त्यांना कोण अभिमान! "आमच्या ह्यांचं 'ते हे' मला बरोबर कळतं," असं त्या शेजारणींना ऐकवायच्या. शेजारणी हसायच्या. नवरे ज्याच्या त्याच्या घरी असंच बोलतात. त्यात कुणी आजार शोधतं का?

संशय आला तो लेकीला, आणि तोही फोनवर. फोनवर बोट दाखवता येत नाही. "आई, फोन बाबांकडे दे आणि तू जरा स्वयंपाकघरात जा," असं तिनं एकदा निक्षून सांगितलं. काकू फुरंगटून गेल्या. मग बराच वेळ तिला पलीकडून नुसतं "हां... ते आपलं... हां" ऐकू येत राहिलं. पुढच्याच आठवड्यात रजा काढून ती आली आणि दोघांना इथे घेऊन आली.

आता ती आईच्या शेजारी बसली होती. डॉक्टरीणबाईंनी मेंदूचे फोटो काचेवर लावले आणि डाव्या बाजूला पेन टेकवलं.

"हा भाग आक्रसत चाललाय. शब्द इथे असतात, काकू."

"मग औषध द्या ना."

"गेलेले शब्द परत आणणारं औषध नाही." बाईंनी हे हळू आवाजात, पण काही न लपवता सांगितलं. "आणि हे वाढत जाणार. किती शब्द उरलेत ते आज बघू. फक्त तुम्ही बोलायचं नाही. खूण नाही, मान हलवणंही नाही. तुमच्या मदतीमुळेच हे इतके दिवस झाकून राहिलं."

काकू काचेवरच्या फोटोकडे बघत राहिल्या. आपण ज्याची फुशारकी मारत होतो ते हेच होतं तर! नवऱ्याचे शब्द एकेक करून निघून जात होते आणि आपण दारात उभं राहून त्यांना वाट करून देत होतो.

बाईंनी पेन वर धरलं. "काका, हे काय?"

काका हसले. "ते लिहायचं."

"नाव सांगा."

"ते हे." आणि त्यांनी सवयीनं काकूंकडे बघितलं.

पेन, पेन, पेन. काकूंच्या जिभेवर शब्द नाचत होता. त्यांनी ओठ दाताखाली धरले. लेकीनं त्यांचा हात घट्ट पकडला.

बाईंनी किल्ली दाखवली. काकांनी हवेत मनगट फिरवून कुलूप उघडून दाखवलं, नाव काही आलं नाही. मग बाईंनी टेबलाच्या खणातून एक छोटा पाना काढला. लेकीनं बाबांचा धंदा आधीच सांगून ठेवला असावा. काकांनी तो हातात घेतला, अंगठा फिरवला, मान डोलावली. ओळख पक्की होती. त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. काकूंना वाटलं, टेबलावर चढून ओरडावं, अहो, पाना! पाना म्हणा हो!

"असू दे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी काकूंकडे हात केला. "ह्या कोण?"

"ही?" काकांचा चेहरा उजळला. "ही... ही आपली..." ते थांबले. "हिला विचारा ना. हिला सगळं येतं."

"तुम्ही सांगा. तुमच्या कोण?"

काका काकूंकडे बघत राहिले. काकू जमिनीकडे बघू लागल्या, कारण डोळ्यांनीसुद्धा सांगायचं नव्हतं. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरत गेलं. त्यांच्या घरात काकू गप्प बसत त्या एकाच कारणासाठी, आणि ते कारण काकांना पक्कं माहीत होतं. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि काकूंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अगं," ते म्हणाले, आणि अजिबात न अडखळता पुढे विचारलं, "माझ्यावर रागावलीस का?"

डॉक्टरीणबाईंनी बोट वर करून काकूंना खूण केली, अजून नाही.