देवाच्या कागदाखाली

मित्रांनो, मी एक जुना नोटीस बोर्ड आहे. वाशीच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्र विभागाच्या दारापाशी टांगलेला. तळवलीच्या सुताराने प्लायवूडवर हिरवं कापड ताणून मला घडवलं. वर काच, काचेला कुलूप आणि किल्ली शिपाई गोटीरामकडे. काय थाट होता माझा म्हणून सांगू! निकाल लागला की मुलं माझ्यापुढे धक्काबुक्की करायची. कोणी काही विचारलं की विभागप्रमुख सर एकच सांगायचे, बोर्ड बघत जा. मला त्याचा फार गर्व होता. आग लागो त्या गर्वाला!

१९९६ साली शेवटच्या वर्षाला सुनयना होती. तिचे वडील बाबासो साताऱ्याकडचे, मार्केटात माथाडी कामगार. पोरीला ताऱ्यांचं वेड. पण ताऱ्यांचा अभ्यास करायचा तर कुठे जायचं, कोणाला भेटायचं, हे तिच्या घरात कोणाला ठाऊक असणार? तिने सरांना विचारलं. सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

इकडे एका व्यापाऱ्याने तिला गाळ्यावर फोन घ्यायचं काम देऊ केलं होतं. परीक्षा झाली की लगेच. बाबासो तिला म्हणाले होते, तोवर तुझ्या ताऱ्यांचं काही ठरलं, तर मी शेठला नाही म्हणून सांगेन. म्हणून ती रोज सकाळी माझ्यापुढे उभी राहायची.

जानेवारीत एका विद्यापीठाच्या खगोलशास्त्र विभागाचा पिवळा कागद आला. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी उन्हाळ्यात सहा आठवडे दुर्बिणीवर काम करायचं, चांगलं केलं तर पुढे तिथेच प्रवेश आणि संशोधन. अर्ज २५ तारखेच्या आत पोचायला हवा. सरांनी न वाचताच सही ठोकली. गोटीरामने दुपारी कागद माझ्या मधोमध लावला.

तासाभरात दुसरा कागद आला. सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाची पत्रिका, वर गणपतीचं चित्र. आता देव काही कोपऱ्यात लावत नाहीत, आणि सरांच्या सहीचा कागद काढायची गोटीरामची हिंमत नाही. त्याने पत्रिका सरळ त्याच्यावरच लावली. चार कोपऱ्यांना चार पिना ठोकून, हात जोडून गेला.

दुसऱ्या दिवशी सुनयना आली. पत्रिकेखालून बोटभर पिवळा कागद दिसत होता. तिने गोटीरामला विचारलं, काका, खाली काय आहे, जरा वर करून दाखवता का?

"पोरी, देवाचा कागद हाय," गोटीराम म्हणाला. "पूजा होईपर्यंत त्याला कोनी हात लावाचा नाय."

आणि ही पण शहाणी! तिने काचेला बोट लावून नमस्कार केला आणि वर्गात गेली. मी आतून नुसता तडफडत होतो. रोज सगळ्या जगाला वाचून दाखवणारा मी, पण तिला एक शब्द सांगता येईना.

पूजा झाली. शिरा वाटला. सत्तावीसला गोटीरामने पत्रिका काढली आणि सुनयनाने तो पिवळा कागद वाचला, दोनदा वाचला. धावत जाऊन पीसीओवरून फोन केला. तिकडून सांगितलं, मुदत परवाच संपली. पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी तुम्ही शेवटच्या वर्षाला नसाल.

ती सरांपुढे जाऊन उभी राहिली. सर म्हणाले, "अगं, बोर्डावर होतं की."

"होतं, सर," ती म्हणाली. "देवाखाली होतं."

सरांनी गोटीरामला माझी काच पुसायला सांगितली. बस, एवढंच. गोटीरामने पत्रिका घडी घालून खिशात ठेवली. करावेला घरी जाताना ती खाडीत सोडायची होती. पिवळ्या कागदाची तारीख गेली होती, तो कचऱ्याच्या डब्यात गेला.

जूनमध्ये निकाल लागला. सुनयना आली नाही, ती गाळ्यावर होती. बाबासो आले, मार्केटच्या कपड्यांतच. गोटीरामने त्यांना यादीतलं नाव दाखवलं. सगळ्यांत वरचं. बाबासो त्या नावावर काचेवरून बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग गोटीरामला म्हणाले, "जरा आधी दाखवायचं होतं, दादा."

मित्रांनो, माझी काच पुसू नका, मला नवं कापडही नको. फक्त कागदावर कागद लावताना खालचा एकदा वाचा. देव रागावणार नाही. आणि रागावलाच, तर माझं नाव सांगा.