हिरवी ओळ

तीन वाजले तशी मंडळी फिकाला, म्हणजे कॉफीच्या सुट्टीला, उठली. गोथेनबर्गच्या त्या ऑफिसात आग लागली असती तरी तीनची कॉफी आणि वेलदोड्याचा बन चुकला नसता. साठीला टेकलेला रूने, सगळ्यांचा गुरू, आज भलताच खुशीत होता. त्याची शिष्या इल्वा हिचा रुग्णांच्या नोंदी दाखवणारा प्रोग्राम सोमवारपासून मुलांच्या हॉस्पिटलात चालू झाला होता.

"आठवडाभर कंपायलरने छळलं हिला," तो म्हणाला. "शेवटी बसला गप्प. आणि तो गप्प बसला की आपण काय करायचं?"

"कॉफी प्यायची!" सगळे ओरडले.

थट्टा जुनीच, पण त्यांची श्रद्धाही तीच. बाकीची दुनिया डेटाबेसला विचारायचा प्रश्न साध्या मजकुरात लिहिते आणि तो चुकला की लोकांसमोर तोंडघशी पडते. यांच्याकडे प्रश्न प्रोग्रामच्या भाषेतच विणलेला. नावाच्या जागी तारीख घातली, तर लिहिलेलं तपासणारा कंपायलर प्रोग्राम तयारच होऊ देत नाही.

इल्वाचा फोन किणकिणला. बहिणीने फोटो पाठवला होता. गुडघ्याची जखम चिघळलेला पाच वर्षांचा एलोफ हॉस्पिटलच्या खाटेवर हसत बसला होता. खाली लिहिलं होतं, "मावशीची स्क्रीन! साडेतीनला पेनिसिलिन, मग आइस्क्रीम. बाबा येतोय त्याच्याजवळ, मी कामावर निघाले."

एलोफच्या डोक्यामागे स्क्रीनवर हिरवी ओळ होती: औषधाची ॲलर्जी, नोंद नाही.

बन इल्वाच्या हातातच राहिला. ताईने वाचलं कसं नाही? गेल्याच महिन्यात दुसऱ्या एका औषधाने एलोफचे ओठ निळे पडले होते, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की पेनिसिलिनही त्याच जातीचं, जन्मात देऊ नका. ताई तेव्हा परगावी होती. एलोफला घेऊन इल्वाच धावली होती. नोंद तिच्यादेखत झाली होती. पण पेनिसिलिनचं ताईला सांगायचं तिच्याकडून राहूनच गेलं होतं.

बहिणीचा फोन बंद, भावोजींचाही लागेना. इल्वाने वॉर्डला लावून फोन स्पीकरवर टाकला. घंटा वाजत राहिली. दुसऱ्या हाताने तिने लॅपटॉप उघडला.

"रूने, इकडे ये ना. लवकर!"

रूने खाली वाकून वाचू लागला. "रुग्णाचा नंबर आणि भरतीचा नंबर. दोन्हींचे टाइप वेगळे केलेस ना?"

"नाही रे. घाईत साध्या आकड्यालाच दोन नावं दिली."

डब्यांवर चिठ्ठ्या दोन, आत जिन्नस एकच. ॲलर्जी शोधताना तिने रुग्णाच्या नंबरऐवजी भरतीचा नंबर लावला होता, आणि कंपायलरला त्यात काहीच वावगं दिसलं नव्हतं. जुळणी झाली नाही की यादी रिकामी, आणि रिकामी यादी म्हणजे हिरवी ओळ.

"मग चाचणीत पास कसं झालं?"

"पाच खोटी मुलं होती. प्रत्येकाचे दोन्ही नंबर सारखेच, एक ते पाच."

घड्याळात तीन सव्वीस.

"वॉर्ड चार, नर्स सोल्वेग बोलतेय," शेवटी फोनवर आवाज आला.

"एलोफला इंजेक्शन देऊ नका! त्याला ॲलर्जी आहे, स्क्रीन चुकतेय!"

"तू कोण?"

"ती स्क्रीन मी लिहिलीय!"

फोन टेबलावर आपटला. धावती पावलं, मग दार, मग काहीच नाही. इल्वाला इतकी भीती जन्मात वाटली नव्हती. तिच्या खांद्यावर रूनेचा हात होता.

सोल्वेग धापा टाकत परतली. "सिरिंज भरलेली होती. दिली नाही."

इल्वा जमिनीवरच बसली आणि हुंदके देऊ लागली. "तुम्ही आईबापांना विचारत नाही का गं?"

"दरवेळी विचारायचो. तुमच्याच त्या साठीच्या माणसाने सांगितलं, आता गरज नाही, यात चूक होऊच शकत नाही."

रूनेचा हात खांद्यावरून निघाला.

"एलोफचंच चुकलंय ना?" सोल्वेगने विचारलं.

"सगळ्यांचंच. सोमवारपासून."

"आज गुरुवार आहे," सोल्वेग म्हणाली. मग तिने कागद चाळायला घेतले.

"फोन ठेवू नकोस. औषध दिलेल्या मुलांची नावं वाचते, तू खरी नोंद बघून सांग."

इल्वाने डोळे पुसले, लॅपटॉप मांडीवर ओढला. सोल्वेगने पहिलं नाव वाचलं.