कोरडी रिळे

"काठी अशी छताला टेकवून वाकवू नका," नेल्डा म्हणाली. "टोक मोडतं. दोरा ओवा, पुढचं टोक मी धरते, मग ओढून बघा."

लेथम नावाच्या त्या गिऱ्हाइकाने ओशाळून गळाची काठी खाली घेतली. तो शाळेतून निवृत्त झाला होता, हंट्सव्हिलहून आला होता. बोट नवी घेतली होती, पण काठ्यांमधले त्याला काही कळत नव्हते. नेल्डा दोऱ्याचे टोक मुठीत धरून गॅरेजच्या दाराबाहेर पंधरा पावले चालत गेली आणि त्याला ओढायला सांगितले. पहिली काठी नुसती शेंड्याशी वाकली. दुसरी कमरेपासून वाकली.

गळ गवतात टाकणार की उघड्या पाण्यात, तिने विचारले. त्याला तेही ठरवता येईना. मग तिने समजावून सांगितले. पाणगवतात टाकायचे तर ताठ काठी हवी, कारण बास मासा एकदा गवतात घुसला की त्याला उपटूनच काढावा लागतो. तीन-तीन गळांचे लाकडी आमिष ओढायचे तर मऊ काठी. ताठ काठीच्या हिसक्याने माशाचे तोंड फाटते आणि तो सुटतो. लेथमने दोन्ही घेतल्या. पैसे देताना त्याने विचारले, "तुम्ही किती वर्षं मासे धरताय?"

"एकदाही नाही," ती म्हणाली. "मी फक्त साफ करते."

ते खरे होते. तिचा नवरा हॉलिस टिडमोर तीस वर्षे गंटर्सव्हिलच्या तळ्यावर लोकांना आपल्या बोटीतून बास धरायला नेत असे. आमिषांच्या दुकानात त्याचा एक जुना फोटो अजून लावलेला होता, दोन्ही हातांत न मावणारा मासा घेतलेला. काठ्यांवरची दोरा गुंडाळायची रिळे मात्र बायकोच्या हातची. नेल्डाचे वडील शिवणयंत्रे दुरुस्त करायचे, त्यामुळे स्प्रिंगा, दाते आणि तेलाचा थेंब तिच्या बोटांत लहानपणापासून होते. लग्नानंतर महिन्याभरात हॉलिसचे एक रीळ अडकले. तिने ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोलले आणि पुन्हा जोडून दिले. त्या दिवसापासून ते काम तिचे झाले.

रोज संध्याकाळी ती रिळाची बाजूची झाकणी काढायची, फिरकी बाहेर घ्यायची, कापसाच्या काडीने कोपरे पुसायची. बेअरिंगला तेलाचा एकच थेंब. दोन थेंब झाले की घाण धरते. काठीच्या प्रत्येक कडीतून ती कापूस फिरवायची. जिथे तंतू अडकेल तिथे कडीला बारीक चीर असते, आणि ती चीर मोठ्या माशाच्या वेळी दोरा कापते. शेवटी ब्रेक सैल करून ती रिळे दाराशी ओळीने ठेवून द्यायची.

या कामात तिला नवऱ्याचा दिवस कळायचा. हिरवा बुळबुळीतपणा असला तर तळ्याच्या वरच्या अंगाला गेला होता. लाल चिकणमाती असली तर ओढ्याच्या तोंडाशी. एप्रिलमध्ये रिळांच्या खाचांत पाइनचा पिवळा पराग बसलेला असायचा. त्याने सांगण्याची गरज नसे.

सहा वर्षांपूर्वी एका गुरुवारी रिळे कोरडी आली.

दोऱ्याला ओल नव्हती. गळांवर गवताचा तंतू नव्हता. तिने मुद्दाम विचारले, पाणी कसे होते. "बरं होतं," हॉलिस म्हणाला, "मासा खोल होता." पुढच्या गुरुवारीही तसेच. मग बुधवारी, मग शुक्रवारीही. त्या तीन दिवशी तो घरी यायचा तेव्हा त्याच्या अंगाला साबणाचा वास असायचा, हात कोपरापर्यंत धुतलेले. तळ्यावरून आलेल्या माणसाला साबणाचा वास कशाला येईल? बास धरणाऱ्याचा अंगठा माशाच्या दातांनी खरबरीत होतो. हॉलिसचा अंगठा गुळगुळीत होत चालला होता. नेल्डाने जे समजायचे ते समजून घेतले.

तिने विचारले नाही. विचारले असते तर उत्तर मिळाले असते आणि मग त्या उत्तराचे काहीतरी करावे लागले असते. तिने फक्त कोरडी रिळे खोलणे चालू ठेवले. पुसण्यासारखे काही नसतानाही पुसायची, तेल घालायची, जोडायची, दाराशी ठेवायची. कधीतरी तो हे बघेल, लाजेल आणि तोंड उघडेल असे तिला वाटायचे. तो दारात उभा राहून बघायचा आणि आत निघून जायचा. तिने आपला पलंग शिवणाच्या खोलीत नेला. सासूला पुरताना ती त्याच्यापासून चार माणसे सोडून उभी राहिली. मनगट दुखते असे तो एकदा म्हणाला, तेव्हा मात्र तिने त्याच्या हाताचे माप घेऊन एक हलकी काठी बांधली. कड्यांवर हिरवा आणि सोनेरी दोरा गुंडाळला, आठ दिवस बसून. का केले ते तिला सांगता आले नसते.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी तो साडेचारला घरी आला. जेवणाच्या टेबलाशी बसला. पेला त्याच्या हातून निसटला. तो काहीतरी बोलला, पण शब्द जड होते. पिऊन आलाय, त्या बाईकडे बसून पिऊन आलाय, असे नेल्डाला वाटले. तिने त्याची रिळांची पिशवी उचलली आणि गॅरेजमध्ये जाऊन दार लावून घेतले. रिळे कोरडीच होती. रागाच्या भरात तिने त्यांतले एक शेवटच्या स्प्रिंगेपर्यंत खोलले, उगाच, आणि पुन्हा जोडले. ती आत आली तेव्हा सहा वाजून गेले होते आणि हॉलिस खुर्चीवरून खाली घसरलेला होता.

इस्पितळात डॉक्टरने विचारले, हे सुरू कधी झाले. तिने खरी वेळ सांगितली. डॉक्टरने ती लिहून घेतली. मधल्या दीड तासात तू काय करत होतीस, हे कोणीच विचारले नाही.

अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेली. उजव्या हाताची मूठ वळली ती वळलीच. वाचेतला एकच शब्द उरला: हो. कॉफी देऊ? हो. दुखतंय? हो. खिडकी लावू? हो. उघडी ठेवू? हो. डिसेंबरात एका दुपारी तिने त्याच्यासमोर बसून विचारलेच, "कोणी होती का?" आणि तो तिच्याकडे सरळ बघत म्हणाला, "हो."

काठ्या विकू का, यालाही तो हो म्हणाला होता. तिने चर्चच्या पत्रकात आणि आमिषांच्या दुकानात सूचना दिली, हॉलिसचे आजारपण आणि घरचा पत्ता घालून. आज तो मार्चमधला शनिवार होता.

लेथम गेल्यावर थोड्या वेळाने एक उंच, पन्नाशीची बाई आली. जांभळा स्वेटर, हातात कापडी पिशवी. तिने काठ्यांकडे पाहिले नाही. तिने आधी घराच्या खिडक्या पाहिल्या. या बाईसाठी तिने सहा वर्षे वाक्ये जुळवून ठेवली होती.

"मिस नेल्डा ना तुम्ही? मी व्हर्निटा गूल्सबी. हॉलिसबरोबर होते."

"किती वर्षं?"

"गेल्या नोव्हेंबरात सहा झाली असती."

नेल्डाने टेबलाची कड धरली. एवढ्या सरळ कोणी सांगेल असे तिला वाटले नव्हते, आणि जुळवलेल्यातले एकही वाक्य आठवेना. व्हर्निटाने पिशवी टेबलावर ठेवली आणि आतून एक-एक वस्तू काढली. गुडघ्यापर्यंतचे पांढरे रबरी बूट. पोलादी जाळीचा एक हातमोजा. रबरबँड लावलेला कागदांचा गठ्ठा.

"त्याचा लॉकर रिकामा करायला सांगितला," ती म्हणाली. "मी म्हटलं फेकू नका, मी नेऊन देते. घर कुठं ते ठाऊक नव्हतं. काल चर्चच्या पत्रकात नाव वाचलं तेव्हा कळलं त्याला काय झालं ते. आम्हाला वाटलं, सोडून गेला."

नेल्डाला काही उलगडेना. मग व्हर्निटाने सावकाश सांगितले. डोंगरावर कोंबड्यांचा कारखाना होता, तिथे मांडीची हाडे काढायच्या रांगेवर ती मुख्य होती. हॉलिस तिच्या शेजारी उभा राहायचा, बुधवार ते शुक्रवार. तळ्यावर गिऱ्हाईक उरले नव्हते. आता ज्याच्या त्याच्या बोटीत पाण्याखालचे दाखवणारा पडदा असतो आणि त्यावर मासा आपला आपण दिसतो, मग वाट दाखवणाऱ्याला कोण नेणार? तो ट्रक मागच्या बाजूला लावायचा. सुटल्यावर जंतुनाशक साबणाने हात घासायचा. पगाराचे कागद लॉकरमध्येच ठेवायचा. मनगट हाडे काढायच्या सुरीने गेले होते, रांगेवर सगळ्यांचेच जाते.

"मला वाटलं तुम्ही..." नेल्डा म्हणाली.

व्हर्निटाला कळायला क्षणभर लागला. "अगं बाई," ती हळूच म्हणाली. "आम्ही गारठ्यात तंगड्या सोलत उभे असायचो, मिस नेल्डा. त्या वासात कुणाचं काय जुळणार?"

"मग मला का नाही सांगितलं त्यानं?"

"मी शंभरदा म्हटलं, सांगून टाक बायकोला. तर म्हणायचा, कसं सांगू? ती अजून रिळं साफ करून दाराशी मांडते. मला तळ्यावरचा माणूस समजणारं एवढं एकच माणूस उरलंय." तिने स्वेटरची बाही खाली ओढली. "एकदा तुम्ही बांधलेली काठी घेऊन आला होता. जेवायच्या सुट्टीत सगळ्यांना दाखवली. कड्यांवरचा दोरा बघा म्हणाला, एक तरी गाठ दिसते का सांगा."

त्याला भेटायचे का, असे नेल्डाने विचारले. व्हर्निटा नको म्हणाली. आपल्याला बघून तो ओशाळेल. तिने नेल्डाचा खांदा एकदा दाबला आणि ती आपल्या गाडीकडे गेली.

नेल्डा बूट घेऊन वरच्या खोलीत गेली. सहा वर्षांचे एकदम सांगून टाकायचे होते. तुझी रिळे कोरडी असतात हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते, मी चुकले, त्या संध्याकाळी मी दार लावून बसले होते. हॉलिस खिडकीपाशी खुर्चीत होता, गुडघ्यांवर घोंगडी. त्याच्या खिडकीखालीच गॅरेजचे दार होते. ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"व्हर्निटा आली होती," ती म्हणाली. "मला सगळं कळलं, हॉलिस. काही बिघडलं नाही." आणि आपले म्हणणे त्याला नीट समजावे म्हणून तिने बूट उचलून त्याच्या मांडीवर ठेवले.

हॉलिस बुटांकडे बघत राहिला. नेल्डा 'हो'ची वाट बघत होती. तो शब्द आला नाही. त्याची मान हळूहळू तांबडी झाली. डाव्या हाताने त्याने घोंगडीचे टोक ओढले, बुटांवर टाकले आणि तोंड भिंतीकडे वळवले. तिने नाव घेऊन हाक मारली, खांद्याला हात लावला. तो वळला नाही. ऑक्टोबरापासून त्याच्याजवळ एकच गोष्ट शिल्लक होती आणि ती आपण आत्ता आपल्या हाताने काढून घेतली, हे तिला कळले. परत कशी ठेवायची ते तिला माहीत नव्हते.

बाहेर ट्रक थांबल्याचा आवाज आला. तिने घोंगडीखालून बूट काढून घेतले, शिवणाच्या खोलीत पलंगाखाली ढकलले आणि ती बाहेर गेली.

स्कॉट्सबरोहून दोघे भाऊ आले होते, दोघेही थोराड. उरलेल्या काठ्या आणि रिळे एकगठ्ठा घ्यायची म्हणाले. थोरल्याने एक रीळ हातात घेऊन मूठ फिरवली, कानाशी धरली, उलटसुलट करून पाहिली.

"ही वापरलेली आहेत ना, बाई?" त्याने विचारले. "अगदी नवी वाटतात. दुकानातनं आणून ठेवल्यासारखी."

वरची खिडकी उघडी होती. नेल्डाने तिकडे पाहिले नाही, पण आवाज चढवला.

"वापरलेली नाहीत म्हणता? ऑक्टोबरापर्यंत आठवडाभर तळ्यावर असायचा माझा नवरा. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, एकही चुकवला नाही. रोज संध्याकाळी मी चिखल काढायचे या रिळांमधला. माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?"

थोरला भाऊ चपापला. तसे नाही म्हणालो, असे काहीतरी पुटपुटला. धाकट्याने काठ्यांची मोळी उचलून खांद्यावर घेतली. नेल्डा क्षणभर थांबून ऐकत राहिली. वरून काही आवाज आला नाही.

मग काठ्यांचे शेंडे दाराच्या चौकटीत अडकून मोडू नयेत म्हणून तिने ते दोन्ही हातांत गोळा करून धरले आणि ती ट्रकपर्यंत धाकट्याच्या मागोमाग चालत गेली.