दीक्षाचे पाय आणि मी

मित्रांनो, माझा जन्म उद्यमनगरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मी एक लोखंडी कॉट आहे. आता जुनी झाले आहे, पायाशी गंज धरला आहे. पण एकोणीसशे एक्याण्णव साली ज्ञानू मिस्त्रींनी माझे पाइप कापून, वाकवून, ठिणग्यांच्या उजेडात जोडले तेव्हा मी फार देखणी होते. अंगभर हिरवा रंग, डोक्याशी आणि पायाशी गोल वळणाचे पाइप. एक चूक मात्र मिस्त्रींच्या हातून झाली. माझा डावीकडचा एक पाय किंचित आखूड राहिला. वर कोणी जरा हलले, की तो पाय फरशीवर आपटून आवाज येई. टक.

मला घेऊन गेले बाळासो. ते शिरोलीच्या एका फाउंड्रीत कामाला होते आणि त्यांचे नुकतेच लग्न झाले होते. हातगाडीवर मला घालून त्यांनी स्वतः ढकलत सदर बाजारातल्या दोन खोल्यांच्या घरात आणले. त्यांची बायको मीना दारात उभी होती. तिने माझ्यावर तळहात टेकवून पाहिला आणि केवढी गार आहे, म्हणाली. ते माझे पहिले कौतुक. दोन वर्षांनी त्यांची मुलगी दीक्षा माझ्यावरच रांगायला शिकली.

बाळासोंची एक गोष्ट मला सुरुवातीपासून नवलाची वाटे. ते कायम रातपाळी मागून घेत. सकाळी घरी येत, अंघोळ करून माझ्यावर आडवे होत आणि दुपारपर्यंत दगडासारखे झोपत. पण सोमवारी कारखान्याला सुट्टी असे, त्या रात्री ते माझ्याकडे फिरकतच नसत. गल्लीच्या टोकापर्यंत जात, परत येत, पुन्हा जात. शेजारीपाजारी म्हणत, बाळासो म्हणजे आमचा फुकटचा गुरखा. मीनालाही वाटे, रातपाळीची सवय, दुसरे काय! मलाही तसेच वाटे.

दीक्षा सात वर्षांची झाली आणि माझ्या आखूड पायाला रात्रीचे काम लागले.

दिवसा तिच्या पायांकडे बघत राहावे असे ते पाय होते. शाळेच्या खो-खोत तिला कोणी गाठू शकत नसे. दप्तर माझ्यावर फेकून ती अशी बाहेर धावे, की दप्तर टेकायच्या आत ती गल्लीत पोचलेली असे. पण दिवे लागले, जेवणे झाली, आई शेजारी पहुडली, की तेच पाय जणू दुसऱ्या कोणाचे होत. उजवा पाय ताणायचा, डावा दुमडायचा, पोटरीवर पोटरी घासायची, कूस बदलायची, पुन्हा ताणायचा. टक, टक, टक. अर्धी रात्र तसेच चाले.

मीना दिवसभर अंगणवाडीत पन्नास मुलांची खिचडी शिजवून दमलेली असे. आधी ती समजावी, मग दटावी, मग एखादी चापट बसे. दीक्षा म्हणे, मी मुद्दाम करत न्हाय गं आई. पण पुढे काय सांगायचे हे तिला कळत नसे. आपल्या शरीरात जे चालले आहे त्याला शब्द नसला, की मोठी माणसेही गप्प बसतात. ती तर लहान मूल होती.

मग तिने स्वतःच एक युक्ती काढली. आई झोपली की ती खाली सरकत येई आणि दोन्ही तळवे माझ्या पायाकडच्या गार पाइपला घट्ट दाबून धरी. तेवढ्याने तिला थोडे बरे वाटे. पाइप तिच्या अंगच्या उबेने गरम झाला, की ती दुसरी गार जागा शोधी. दात आवळून, श्वास रोखून ती निश्चल पडायचा प्रयत्न करी, आईची झोप मोडू नये म्हणून. मित्रांनो, माझ्यावर तीन तीन दणकट माणसे बसली तरी मी वाकत नाही. पण त्या आठ वर्षांच्या मुलीची ती जिद्द बघून मी अचंबित होई. एवढी ताकद लोखंडात नसते.

ती चौथीत गेली आणि शाळेतून निरोप आला. मुलगी वर्गात डुलक्या घेते, मागच्या महिन्यात तीन वेळा बाकावर झोपली, असेच चालले तर स्कॉलरशिपच्या वर्गातून नाव काढावे लागेल. मीना त्या दिवशी माझ्या कडेवर बसून रडली. दीक्षा तिच्यासमोर उभी होती आणि शरमेने एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती.

त्याच आठवड्यात बाळासोंची आई, बनाबाई, शाहूवाडीकडच्या गावाहून आली. भाताची लावण आटोपली होती. चार दिवस नातीजवळ राहावे म्हणून येताना तिने पिशवीभर नाचणी आणली होती. बनाबाई कडक होती, पण मायाळू. दीक्षाला एकटीला अख्खी कॉट मिळावी म्हणून ती स्वतः सुनेबरोबर खाली अंथरुणावर झोपे. दोन रात्री तिने माझी टकटक ऐकली. तिसरा दिवस सोमवार होता. बाळासो नेहमीप्रमाणे गल्लीत फेऱ्या मारत होते. बनाबाई उठली, दोरीवरची मीनाची जुनी ओढणी घेतली, दीक्षाचे दोन्ही घोटे एकत्र केले आणि माझ्या पायाकडच्या पाइपला बांधले. गाठ सैल होती, हातही मऊ होता. म्हणाली, थोडी कळ काढ, सवय झाली की झोप लागतीया. मीना काहीतरी बोलायला गेली, पण सासूने तिला हातानेच थांबवले.

ज्या पाइपने त्या पायांना थोडा दिलासा दिला होता, त्यालाच ते आता बांधलेले होते. मला हलता येत नव्हते आणि तिलाही. ती ओरडली नाही. नुसती थरथरत राहिली आणि तिचे थरथरणे माझ्या प्रत्येक जोडात उतरत राहिले.

तेवढ्यात बाळासो पाणी प्यायला आत आले. त्यांनी तांब्या उचलला आणि त्यांची नजर ओढणीवर गेली. तांब्या तसाच खाली ठेवून ते माझ्यापाशी गुडघ्यावर बसले आणि गाठ सोडायला लागले. फाउंड्रीत तापलेले साचे उचलणारे ते हात, त्यांना ती सैल गाठ सुटेना.

"अरं, तुझं पाय बी असंच बांधल्यात मी," बनाबाई म्हणाली. "दोन-तीन वरसं बांधल्यात. काय वाईट झालं तुझं?"

बाळासो गाठीशीच झटत राहिले. गाठ सुटली. त्यांनी दीक्षाचे पाय आपल्या मांडीवर घेतले आणि तिला विचारले, "काय हुतंय पायात? तुला कसं वाटतंय तसं सांग. चुकलं तरी चालंल."

इतक्या दिवसांत तिला असे कोणी विचारले नव्हते. ती बोटाने पोटरी दाबून सांगू लागली.

"आत खाज येतीया, पप्पा. पण वरनं खाजवता येत न्हाय. सोड्याची बाटली फोडल्यावर कसं फसफसतंय, तसं हाडात हुतंय. पाय हलवला की थांबतंय. गप पडलं की परत."

बाळासोंनी मान खाली घातली. मग हळू आवाजात म्हणाले, "मलाबी हुतंय."

मीना उठून बसली. बनाबाईने पुढे सरकून विचारले, "आजून?"

"रोज रातचं. पहाटं थांबतंय. म्हणून तर रातपाळी मागून घेतो, आये."

मित्रांनो, अकरा वर्षे ते माझ्यावर झोपले, पण फक्त दिवसा. अकरा वर्षे त्यांची बायको त्यांच्यासोबत संसार करत होती आणि आई तर जन्मापासूनची. आम्हा कोणालाच हे ठाऊक नव्हते. लहानपणी त्यांनी एकदा सांगून पाहिले होते, तेव्हा उत्तर म्हणून दोरी मिळाली. त्यानंतर त्यांनी तोंड मिटले ते मिटलेच. एवढे मोठे गुपित एक माणूस गल्लीभर फिरवत राहतो आणि लोक त्याला गुरखा म्हणतात. त्या रात्री मला पहिल्यांदा कळले की माणूस केवढे वजन पेलतो. बनाबाई भिंतीला टेकून बसली होती. ओढणीची ती घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळासो न झोपताच दीक्षाला घेऊन दवाखान्यात गेले. मीनाही गेली. परत आल्यावर मीनाने माझ्यावर बसून सासूला सगळे सांगितले, म्हणून मलाही कळले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी दीक्षाला सगळे पुन्हा सांगायला लावले आणि बाळासोंनाही. मग म्हणाल्या, हा खोडकरपणा नाही आणि नजर लागणे तर नाहीच. हा पाय अस्वस्थ होण्याचा आजार आहे, पुष्कळदा तो एकाच घरात बापाकडून लेकराकडे येतो. त्यांनी दोघांचे रक्त तपासायला दिले. चार दिवसांनी कागद आला. दीक्षाच्या रक्तात लोह फार कमी होते.

"लोह म्हंजे?" बनाबाईने विचारले.

"लोखंड, आत्ती," मीना म्हणाली. "माणसाच्या रगतात लोखंड असतंय म्हणं. आपल्या पोरीत ते कमी पडलंय."

बनाबाईने माझ्या पाइपकडे पाहिले. मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटले ते मी कसे सांगू? मी समजत होते की लोखंड म्हणजे जड, गार, मुके. कॉट, खिळे, नांगराचा फाळ. आणि तेच लोखंड, कणाकणाने, या मुलीच्या रक्तातून धावत असते! तिच्या गालावरची लाली त्याची, खो-खोतली धाव त्याची, आणि ते कमी पडले तर झोपही नीट लागत नाही. त्या दुपारी मी माझ्यावर निजलेल्या दीक्षाकडे पाहिले आणि मला ती परकी वाटली नाही.

डॉक्टरीणबाईंनी लोहाचे औषध दिले आणि ते किती, कधी घ्यायचे ते लिहून दिले. सकाळ-संध्याकाळ बशीभर चहात चपाती बुडवून खायची दीक्षाची सवय मोडायला सांगितली, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. मेथी, नाचणी, गूळ, वर लिंबू. रोज ठरल्या वेळी झोपायचे. त्याआधी कोमट पाण्यात पाय, मग पोटऱ्या चोळायच्या. आणि तरीही पाय फसफसले तर दात आवळून पडून राहायचे नाही. उठायचे, चार फेऱ्या मारायच्या, पुन्हा यायचे. त्यासाठी कोणी रागवायचे नाही.

हे शेवटचे सर्वांत अवघड होते आणि सर्वांत आधी तेच झाले. दीक्षा आता रात्री उठली, तर मीना नुसती विचारी, फसफस आली का? आणि ती व्हय म्हणून दोन खोल्यांतून फिरून येई. सोमवारी बापलेक दोघे मिळून फिरत. बाळासो कधी तिला गोष्ट सांगत, कधी पाढे म्हणून घेत. मीनाने शाळेत जाऊन बाईंना सगळे समजावले. बाईंनी दीक्षाला स्कॉलरशिपच्या वर्गात राहू दिले.

औषध जादूसारखे चालले नाही. महिना गेला, दुसरा गेला. टकटक कमी होई, पुन्हा वाढे. थंडी पडली तेव्हा ती खूपच कमी झाली होती. आणि एका रात्री ती आलीच नाही. एवढी शांतता पसरली की मीना दचकून जागी झाली. तिने घाबरून अंधारात दीक्षाच्या छातीवर हात ठेवला. श्वास संथ चालला होता. मग तिने नातीचे पाय चाचपले. चुकले, लेकीचे पाय. माझे वय झाले आहे, मित्रांनो. ते पाय सैल, उबदार, निवांत पडले होते. मीना त्यांच्यावर हात ठेवून उजाडेपर्यंत बसून राहिली. झोपलेले पाय बघण्यासाठी कोणी जागते, हे मी तेव्हा प्रथम पाहिले.

बाळासोंनाही औषध मिळाले होते. त्यांचे दुखणे तीस वर्षांचे. ते पुरते गेले नाही, पण पेलण्याजोगे झाले. त्या उन्हाळ्यात त्यांनी पहिल्यांदा दिवसपाळी मागितली. बनाबाई पुन्हा आली होती. दिवेलागणीला ते माझ्यावर टेकले आणि त्यांचा उजवा पाय हलू लागला. बनाबाई स्वयंपाकघरातून तेलाची वाटी घेऊन आली, माझ्या कडेला बसली आणि चाळीशीला आलेल्या मुलाचा पाय ओढून मांडीवर घेतला. ते संकोचून उठू लागले.

"पड गप," ती म्हणाली.

मग ती चोळत राहिली. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, पुन्हा घोट्यापासून. घोट्यापाशी तिचा अंगठा जरा जास्त वेळ थांबे. थोड्या वेळाने त्यांनी दुसरा पायही तिच्याकडे सरकवला. बाळासो झोपले तेव्हा बाहेर नुकता अंधार पडत होता.

पुढे दोन हजार सात साली घरात लाकडी दिवाण आला. मला एका टेम्पोत घालून शाहूवाडीकडे बनाबाईकडे पाठवले. वाटेत घाट लागला, माझा रंग बराच खरवडला. इथे माझ्यावर दिवसा नाचणी वाळते, रात्री बनाबाई झोपते. मला रंग द्या, तेल द्या, असे मी तुम्हाला म्हणणार नाही. माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरात, वर्गात कोणी चुळबुळ करत असेल, तर त्याला गप्प बसवण्याआधी एकदा विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आणि तुमच्याच पायात काही होत असेल, तर शब्द वेडावाकडा का असेना, सांगा.

परवा शेजारची चार वर्षांची पोर आमच्या ओसरीवर झोपेविना तळमळत होती. तिची आई वैतागून हात उगारून आली. बनाबाईने तो हात मधेच धरला, पोरीला माझ्यावर उचलून बसवले आणि स्वतः खाली, तिच्या पायांशी बसली.

"काय हुतंय, बाय?" ती म्हणाली. "सांग. मी ऐकतीया."