सत्तावीस कुलपं

तो नेहमीसारखाच एक मंगळवार होता. मनकर्णाबाईंनी मला काखेत मारलं, चपला घातल्या आणि त्या तांड्याकडे निघाल्या. मानोऱ्यापासून आत, टेकाडामागे बेचाळीस घरांचा तो तांडा. तिथल्या अंगणवाडीत त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. त्या दिवशी त्यांनी अकरा पोरांची वजनं घेतली, माझ्यावर कागद लावून लिहिली, आणि परतताना हेमलाबाबाच्या ओट्यापाशी थांबल्या. पूर्वी हा म्हातारा चहा पाजल्याशिवाय त्यांना सोडत नसे. आता तो विडी झटकत म्हणाला, "बाई, आमी तं कागदावर शेठ झालो. शेठाच्या घरी फुकट चा भेटत नसते."

शेजारच्या बाया हसल्या. बाईही हसल्या. पण माझी कड त्यांनी घट्ट धरली होती.

बुधवारी पहाटे त्यांच्या छातीत कळ आली, आणि उजाडायच्या आत त्या गेल्या.

मित्रांनो, परीक्षेला तुम्ही ज्यावर पेपर लावता, तसाच मी एक जुना पॅड. वर लोखंडी चाप, खाली झिजलेली लाकडी फळी. बाईंनी मला त्यांच्या लेकीच्या, साधनाच्या, दहावीसाठी आणलं होतं. तिनं कंपासच्या टोकानं माझ्या पाठीवर आपलं नाव कोरलं. ते अजून आहे. पुढे ती तालुक्याच्या एका कार्यालयात संगणकावर माहिती भरायच्या कामाला लागली आणि मी बाईंकडे राहिलो.

गेल्या पौषात एक पाहणी निघाली. कोणत्या वस्तीला काय कमी आहे, ते घराघरांतून लिहून आणायचं होतं. छप्पर कशाचं, पाणी किती लांब, पोरं शाळेत जातात की नाही. ज्या वस्तीत कमतरता जास्त, तिथे मुलांसाठी हंगामी वसतिगृह निघणार होतं. म्हणजे आईबाप ऊस तोडायला गेले तरी पोरं गावातच राहतील, शाळा बुडणार नाही. बाईंना तेच हवं होतं.

पण मित्रांनो, पौषात तांड्यावर असतं कोण? दिवाळी झाली की ट्रक येतो आणि ज्यांच्या घरात काहीच नाही, ती माणसं पोराबाळांसकट जातात. मागे उरतात किराणावाला, नोकरीवाला, विहीरवाला. बेचाळीसपैकी सत्तावीस घरांना कुलूप होतं. बाई त्या प्रत्येक कुलपासमोर उभ्या राहिल्या. त्या घरांतलं पोर न् पोर त्यांनी तोललेलं होतं. त्यांनी वर लाल अक्षरांत 'कुलूप' लिहिलं आणि खालचा सगळा कागद भरला.

"साधना, पॅडासकट ने वं. कागद चुरगळू देजो नको," त्या लेकीला म्हणाल्या.

कार्यालयात त्या दिवशी शेवटची तारीख होती. घरातल्या माणसाचा अंगठा नसलेला कागद संगणकात भरता येत नव्हता. साहेब म्हणाले, बंद घरं सोडा. साधनानं आईचं अक्षर ओळखलं. तिचा हात थांबला. मग तिनं चाप उघडला, सत्तावीस कागद काढून पिशवीत घातले आणि उरलेल्या पंधरांवरून तांडा भरला. मी समोरच होतो. माझ्या पाठीवर तिचंच नाव होतं.

ज्येष्ठात यादी लागली. तांडा सधन वस्त्यांत धरला होता. वसतिगृह दुसऱ्या गावाला मिळालं.

ऊस तोडून आलेला देवला बाईंच्या दारात आला. "आमी कामाले गेलतो बाई, मेलो नोतो. तुमी आमाले मोजलंच नाई?"

"म्या एकेक घर लिवलं होतं रे."

"मंग ते गेलं कुठी?"

त्या संध्याकाळी बाईंनी लेकीला विचारलं, "माहे कागद पोचले होते ना वं?"

"पोचले ना, माय. पुढचं साहेबाले मालूम."

बाईंनी मान डोलावली. पुन्हा कधी विचारलं नाही. तांड्यानं त्यांच्यावरचा विश्वास काढून घेतला, ते त्यांनी त्या शेवटच्या मंगळवारपर्यंत निमूट सोसलं.

मित्रांनो, मला झिजल्याचं दुःख नाही. तुमच्या हाती कधी असा पॅड आला, तर एवढंच करा. बंद दार दिसलं की पान उलटू नका. तिथे कोण राहतं ते आधी विचारा.

बाई गेल्यावर आलेल्या दिवाळीनंतर साधनानं ट्रंकेच्या तळाशी दडवलेले ते सत्तावीस कागद काढले, माझ्या चापात लावले आणि ती तांड्यावर आली. ट्रक दोन दिवसांवर होता. देवला भांडी पोत्यात भरत होता, त्याची पोरगी पोत्याचं तोंड धरून उभी होती. हेमलाबाबा ओट्यावरून म्हणाला, "ये पोरी. आता काय लिवाले आली?"

"लिवाले नाई, बाबा."

तिनं पहिला कागद वाचला. देवला. तीन पोरं. कुडाच्या भिंती. पाणी अर्धा कोस. मग तिला पुढचं वाचवेना. मला छातीशी धरून ती मोठ्यानं म्हणाली,

"मायनं तुमचं एकेक घर लिवलं होतं. कुलपाचे कागद म्या काढले. तिनं विचारलं, तवा बी मी खोटं बोलली."